तुमची खोली म्हणजे आमचा गोळा नव्हे

वाचकांचे प्रश्न : घरातला उजेड

गेल्या अंकात मी जाता जाता लिहून गेले होते की वॅट हे उजेडाचं माप नाही. एवढ्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा येईल असं वाटलं नव्हतं. काहींनी कुतूहलानं विचारलंय, काहींनी सरळ भांडण काढलंय. माझी सगळी नोकरी दिव्यांच्या तपासणी प्रयोगशाळेत झाली, एकतीस वर्षं. त्यामुळे भांडायची तयारी आहे. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, सात घेते. एकसारख्या तक्रारींतली जी जास्त तपशिलात लिहिली होती ती निवडली.

ताई, आमच्या बैठकीच्या खोलीत वर्षानुवर्षं ६० वॅटचा पिवळा बल्ब होता. तो गेला तेव्हा दुकानात सांगितलं, “साठच्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावा, उजेड तेवढाच पडतो.” लावला. तेव्हापासून खोली उदास दिसते. छत आणि भिंतींचे वरचे कोपरे तर काळेच. सासरे म्हणतात, नऊ वॅटात साठ वॅटचा उजेड येईलच कसा? बरोबर कोण, सासरे की दुकानदार?

सासऱ्यांचं गणित चुकलंय, पण त्यांचे डोळे बरोबर सांगताहेत. दुकानदाराचं उलटं आहे.

आधी गणित. वॅट म्हणजे बल्ब वीज किती ओढतो. उजेड किती बाहेर टाकतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. जुन्या बल्बात तार तापून लखलखायची आणि साठातले बहुतेक वॅट नुसत्या उष्णतेत जायचे. जळता बल्ब हातानं काढायला गेलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. तो बल्ब ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा, म्हणजे वॅटमागे बारा-तेरा. आजचा साधा एलईडी वॅटमागे ९० ल्युमेन सहज देतो. नऊ नव्वे ८१०. हिशेब जुळला. ल्युमेन डोळ्यांसमोर आणायचा असेल तर एक मेणबत्ती आठवा. तिचा चहूबाजूंनी पडणारा उजेड मिळून साडेबारा ल्युमेनच्या आसपास भरतो. म्हणजे तुमच्या होल्डरला साठ-पासष्ट मेणबत्त्या लटकल्या आहेत.

मग खोली उदास का? त्यासाठी डब्यावरचा ल्युमेनचा आकडा येतो कुठून ते सांगायला हवं. आमच्याकडे माणूस आत उभा राहू शकेल एवढा एक पोकळ गोळा होता. आतून पांढराशुभ्र, बेरियम सल्फेटचा लेप दिलेला. बल्ब मधोमध लटकवायचा, दार लावायचं, अर्धा तास जळू द्यायचा, कारण एलईडी गरम होताना थोडा मंदावतो आणि मग स्थिरावतो. त्यानंतर आकडा घ्यायचा. गोळ्यात उजेड इतक्या वेळा इकडून तिकडे आपटतो की बल्बानं तो वर टाकला, खाली टाकला की एकाच कोपऱ्यात टाकला, याला काही अर्थच उरत नाही. सगळा गोळा होतो, सगळा मोजला जातो.

तुमची खोली म्हणजे आमचा गोळा नव्हे. तिथं दिशेला फार अर्थ आहे. जुन्या बल्बाची तार काचेच्या मधोमध लोंबायची आणि वर-खाली-आजूबाजूला सगळीकडे उजेड फेकायची. छत उजळायचं, भिंती वरपासून खालपर्यंत उजळायच्या. तुमच्या एलईडीचा होल्डरकडचा अर्धा भाग बघा, प्लास्टिकचा आहे, बंद आहे. आत वीज सांभाळणारा ड्रायव्हर बसलेला असतो. उजेड देणाऱ्या बारीक चिपा एका चपट्या तबकडीवर, सगळ्यांची तोंडं पुढे. असा बल्ब छतावरून उलटा लटकला की बहुतेक ल्युमेन जमिनीवर. आणि माणूस खोली उजळ आहे की नाही हे जमिनीवरून ठरवत नाही. तो भिंती आणि छत बघतो.

तेव्हा वॅट वाढवायच्या आधी दोन गोष्टी करून पाहा. एक, काचेच्या आत पिवळ्या काड्यांसारख्या पट्ट्या असलेला, फिलामेंट पद्धतीचा एलईडी मिळतो. तो जुन्या बल्बासारखा सगळीकडे उजेड टाकतो. दोन, एक छोटा दिवा भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून लावा. खोलीचा चेहरा बदलतो. आणि पुढच्या वेळी डब्याच्या मागची बाजू वाचा. नऊ वॅटचेच बल्ब, पण एक साडेसहाशे ल्युमेनचा आणि दुसरा साडेनऊशेचा, असे दोन्ही माझ्या हातून गेले आहेत.

आमची खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद. किती ल्युमेन घ्यावेत? कृपया एकच आकडा सांगा. नवरा-बायकोतला वाद मिटेल.

२,४००. आता तो कसा आला ते वाचा, म्हणजे नवा वाद सुरू करता येईल.

एका चौरस मीटरवर जितके ल्युमेन पडतात त्याला लक्स म्हणतात. बसण्या-बोलण्याच्या खोलीला १०० लक्स पुरतात. तुमची जमीन १२ चौरस मीटर, म्हणजे १,२०० ल्युमेन. पण बल्बातून निघालेलं सगळं जमिनीपर्यंत येत नाही. शेड खाते, भिंती खातात, धूळ खाते. फिकट भिंतींच्या खोलीत निम्मं पोचलं तरी खूप, म्हणून दुप्पट धरलं. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला पंच्याहत्तर-ऐंशी टक्के परत देते, गडद निळी किंवा तपकिरी भिंत दहा-वीस टक्क्यांत आटोपते. भिंत गडद असेल तर माझा आकडा अपुरा पडेल आणि दोष बल्बाला द्याल.

पण खरं सांगू का, तुम्ही विचारलेल्या प्रश्नापेक्षा न विचारलेला प्रश्न मोठा आहे. वाचायला, शिवायला, मुलाच्या वहीत डोकं घालायला ३०० ते ५०० लक्स लागतात. तेवढे अख्ख्या खोलीत हवेत म्हणालात तर याच हिशेबानं सात ते बारा हजार ल्युमेन लावावे लागतील. लावतातही लोक. छतात वीस दिवे खोचतात आणि मग खोलीत डोळे बारीक करून बसतात.

त्यापेक्षा अंतराकडे बघा. ८०० ल्युमेनचा उघडा बल्ब सगळीकडे सारखा उजेड टाकतो असं धरलं, तर दोन मीटरवरून पुस्तकावर त्याचे थेट १६ लक्स पडतात. भिंतींवरून परत येतील ते वेगळे. तोच बल्ब अर्ध्या मीटरवर आणला की २५६ लक्स. अंतर चौथ्या हिश्शावर आलं, उजेड सोळापट झाला. विजेत एका वॅटचीही वाढ नाही. वर आतून पांढरी शेड घातली की भलतीकडे जाणारा उजेड खाली वळतो आणि ५०० चा टप्पाही गाठता येतो. म्हणून माझ्या मते बैठकीत छताला मध्यम उजेड, आणि जिथं नजर रोवून काम करायचं तिथं, हाताच्या अंतरावर, स्वतंत्र दिवा. उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं तो डावीकडे ठेवावा, डावखुऱ्यानं उजवीकडे, नाहीतर हाताची सावली नेमकी अक्षरावर येते.

ओट्याचीही हीच गत आहे. स्वयंपाकघरात दिवा खोलीच्या मधोमध, आपण ओट्याकडे तोंड करून उभे, म्हणजे दिवा पाठीमागे आणि सुरी आपल्याच सावलीत. तिथं छताचा बल्ब दुप्पट केलात तरी सावली हलत नाही. वरच्या फळीच्या खाली, पुढच्या कडेला एक एलईडी पट्टी लावली की काम झालं. आमच्या घरी ही पट्टी मी नोकरीला लागल्यावर पंधरा वर्षांनी लावली. दिवसभर दुसऱ्यांचे दिवे मोजायचे आणि घरी अंधारात चिरायचं, असा सगळा कारभार.

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. ज्या दिव्याखाली नातू आरामात वाचतो, तिथं मला अक्षरं धूसर दिसतात. चष्म्याचा नंबर नुकताच तपासला, बरोबर आहे. मोठा बल्ब लावला तर डोळे दिपतात. करू काय?

तुमचं पत्र वाचून मला माझीच गोष्ट सांगाविशी वाटते. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा तेव्हा राहिला होता. पट्टी निघाली त्या संध्याकाळी मी बेसिनवरच्या दिव्याकडे पाहिलं, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. उजव्या डोळ्याला दिवा स्वच्छ पांढरा, किंचित निळसरच. डाव्या डोळ्याला तोच दिवा जुन्या वर्तमानपत्राच्या कागदासारखा पिवळट आणि मळका. दहा मिनिटं मी तिथंच आळीपाळीनं डोळे झाकत उभी होते. शेवटची कितीतरी वर्षं मी लोकांना ठामपणे सांगत होते की अमुक दिवा पांढरा आणि तमुक पिवळसर. यंत्राचे आकडे बरोबर होते म्हणून निभावलं. माझं स्वतःचं मीटर कधीचं बिघडलेलं होतं, आणि ते इतक्या हळूहळू बिघडलं की मला पत्ताही लागला नाही.

वयानं डोळ्यात दोन-तीन गोष्टी होतात. बाहुली लहान होते आणि अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही. भिंग पिवळं पडतं, गढूळ होतं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या मुलाच्या तुलनेत ढोबळमानानं एक-तृतीयांश उजेड पोचतो असं मानतात. म्हणजे नातवाला जो उजेड पुरतो त्याच्या दुप्पट-तिप्पट तुम्ही मागितलात तर ती चैन नाही.

आता दिपण्याचं. गढूळ भिंग उजेड नुसता अडवत नाही, तो विस्कटतोही. उघडा बल्ब नजरेच्या टप्प्यात असला की त्याचा विस्कटलेला उजेड डोळ्यात धुक्यासारखा पसरतो आणि समोरचं अक्षर त्यात बुडतं. तुम्ही मोठा बल्ब लावलात तेव्हा पान उजळलं, पण धुकंही वाढलं. तुम्हाला जास्त उजेड हवा आहे तो पानावर, डोळ्यात नको. खुर्चीच्या मागे, खांद्याच्या वरून येणारा, खोल शेडचा दिवा ठेवा. बसल्यावर बल्ब स्वतः दिसता कामा नये. आत ८०० ल्युमेन चालतील. बाकीची खोली मात्र काळोखी ठेवू नका. लख्ख पान आणि काळी खोली यांच्यात नजर जा-ये करते तेव्हा म्हातारे डोळे फार दमतात.

आणि रात्री बाथरूमकडे जायच्या वाटेवर, घोट्याच्या उंचीला, एक मंद पिवळा दिवा असू द्या. चार-पाच ल्युमेन पुरे. काळोखातून एकदम झगमगाटात आणि परत काळोखात, हे आपल्या वयाच्या डोळ्यांना लवकर जमत नाही, आणि पडायचं असतं ते नेमकं परतीच्या वाटेवर.

पांढरा बल्ब पिवळ्यापेक्षा जास्त उजेड देतो ना? म्हणून मी घरभर ‘६५०० के’ लिहिलेले बल्ब लावले. आता मुलगी म्हणते घर दवाखान्यासारखं दिसतं, आणि लाल पडदे विटकरी दिसायला लागलेत.

थोडा जास्त देतो, फार नाही. आणि पडद्यांची तक्रार रंगाच्या तापमानाची नाही, ती दुसऱ्याच आकड्याची आहे.

‘के’ म्हणजे केल्विन, तापमानाचं माप. लोखंड भट्टीत तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. उजेडाचा रंग सांगायला तेच माप वापरतात. मेणबत्ती १,९०० च्या आसपास, जुना बल्ब २,७००, आणि तुमचे ६,५०० म्हणजे ढगाळ दुपारचा उजेड. गंमत अशी की आकडा जितका तापलेला तितका त्या रंगाला आपण ‘थंड’ म्हणतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी हे उलटं लिहून एक अख्खा तक्ता बाद केला होता.

पांढरा एलईडी खरा पांढरा नसतो. आत निळी चिप असते आणि वर पिवळ्या फॉस्फरचा थर. थोडा निळा तसाच बाहेर येतो, बाकीचा पिवळ्यात बदलतो, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं. लाल एलईडी १९६२ मध्येच चमकला होता. निळा मात्र तीस वर्षं हाती लागत नव्हता, आणि तो झाला नसता तर घरातला एलईडी बल्बही झाला नसता. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. पिवळसर रंगासाठी जास्त निळा उजेड बदलावा लागतो, त्यात थोडं नुकसान होतं, म्हणून त्याच वॅटचा पांढरा बल्ब काही टक्के ल्युमेन जास्त देतो. एवढाच तो फायदा.

आता पडदे. निळा आणि पिवळा मिसळून पांढरं झालं, पण त्यात गडद लाल कुठं आहे? उजेडातच लाल नाही तर पडदा परतवणार काय? रंग कितपत खरे दिसतात त्याचा आकडा डब्यावर सीआरआय म्हणून असतो. जुना बल्ब शंभराच्या जवळ, साधा एलईडी ८०. पण यात एक मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी काढून येतो, आणि गडद लाल त्या आठांत नाही. तो नववा नमुना, वेगळा मोजतात. त्यामुळे ८० गुण मिळवलेला बल्ब लाल रंगात जवळजवळ शून्यावर असू शकतो, आणि असतोही. पडदे, चित्रं, आरसा, कपाट या ठिकाणी ९० च्या वरचा घ्या. चेहराही त्यानंच बरा दिसतो, कारण कातडीत लाल भरपूर असतो. आरशाचा विषय निघालाच आहे तर दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना लावा. वरून पडणारा दिवा डोळ्यांखाली खड्डे पाडतो, मग क्रीम कितीही भारी असो.

६५०० चे बल्ब फेकू नका, अडगळीच्या खोलीत, कपडे धुवायच्या जागी लावा. झोपायच्या खोलीत २,७००, फार तर ३,०००. संध्याकाळनंतरचा निळसर झगझगाट शरीराला अजून दुपार आहे असं सांगत राहतो. आणि एका खोलीत दोन रंग मिसळू नका, दोन्ही वाईट दिसतात.

बटण बंद केल्यावरही आमच्या जिन्यातला एलईडी रात्रभर मिणमिणतो. घरातली मोठी माणसं नको नको ते बोलायला लागली आहेत.

मोठ्या माणसांना सांगा, भूतबित नाही, वायरिंग आहे. एलईडीला मिणमिणायला इतका क्षुल्लक प्रवाह पुरतो की जुन्या बल्बाला त्याचा पत्ताही लागला नसता. बटणात अंधारात चमकणारा छोटा इंडिकेटर असेल तर त्याच्यातून तेवढा प्रवाह जातो. लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या वायरीही तो देऊ शकतात. या दोन्हींत धोका नाही.

तिसरं कारण मात्र धोक्याचं आहे. बटण फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर असायला हवं. कुणी ते चुकून न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर जोडलं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज उभी असते, आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. वायरमनला बोलावून आधी हेच तपासायला सांगा. तोवर त्या होल्डरला हात लावायचा झाल्यास मेन स्विच बंद करून. जिन्यात असेल तर शिडीवरचा झटका दुप्पट वाईट.

डब्यावर ‘१५,००० तास’ लिहिलेला बल्ब आमच्याकडे आठ महिन्यांत गेला. बंद काचेच्या गोल शेडमध्ये होता. पूर्वीचे दिवे जन्मभर चालायचे. ही फसवणूक नाही का?

१५,००० तास, दिवसाला पाच तास, म्हणजे आठ वर्षांहून थोडं जास्त. तुम्हाला राग येणं बरोबर आहे. पण या आकड्याचा अर्थ बघा. एलईडी तारेसारखा तुटत नाही, झिजत जातो. म्हणून त्याचं आयुष्य मोजताना उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे तास धरायची पद्धत आहे. आणि एवढी वर्षं कुणी वाट बघत बसत नाही. चिपा किमान ६,००० तास जाळायच्या, उतार मोजायचा, पुढचं गणितानं काढायचं. आमच्या मागच्या खोलीत रॅकवर शेकडो दिवे रात्रंदिवस जळत असायचे. थंडीत आम्ही डबा खायला तिथं बसायचो.

मेख इथं आहे की ही चाचणी चिपांची असते. तुमच्या बल्बात मेला तो बहुधा ड्रायव्हर. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवून धरणाऱ्या भागाला, उष्णता सोसत नाही. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं. तुम्ही त्याला बंद काचेत कोंडलंत. जुना बल्ब काचेत आनंदानं जळायचा, कारण त्याचा उद्योगच तापण्याचा होता. एलईडीची उष्णता कमी, पण ती उजेडाबरोबर पुढे जात नाही, मागच्या बुडात साठते आणि हवा नसली तर तिथंच शिजत राहते. डब्यावर ‘बंद शेडमध्ये वापरू नये’ असं बारीक अक्षरात असतं, बघा. शेड उघडी करा किंवा बंद शेडसाठी चालेल असं लिहिलेला, कमी वॅटचा बल्ब घ्या.

जन्मभर चालणाऱ्या दिव्यांबद्दल. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावात अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळणारा बल्ब आहे. लोक त्याचा दाखला देतात. पण तो आज चार वॅटच्या रात्रदिव्याएवढा मिणमिणतो, त्याखाली पत्ता वाचायचा तरी नाकाला कागद लावावा लागेल. तार कमी तापवली की टिकते खूप, उजेड देते थोडा. मात्र १९२४ मध्ये जिनिव्हात मोठ्या बल्ब कंपन्यांनी संगनमत करून बल्बाचं आयुष्य १,००० तासांवर बांधून घेतलं होतं, हेही खरं. जास्त टिकणारा बल्ब काढणाऱ्या सभासदाला दंड व्हायचा. तेव्हा तुमचा संशय अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. आठ महिन्यांत गेला आहे, हमीचा कागद असेल तर बदलून मागा.

आजी, मी सातवीत आहे. एका खोलीत दोन सारखे बल्ब लावले तर उजेड दुप्पट होतो का? बाबा हो म्हणाले, पण मला दुप्पट दिसला नाही.

बाबाही बरोबर आणि तूही. मीटर लावलंस तर दुप्पट दाखवेल. डोळा मात्र बेरीज करत नाही. पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर पाव लक्ससुद्धा पुरता पडत नाही, आणि भर दुपारच्या उन्हात एक लाख पडतात. दोन्ही वेळी तुला चालता येतं. एवढी मोठी उडी सांभाळायची म्हणून डोळा मोठे फरक लहान करून दाखवतो. दुप्पट उजेड त्याला थोडासाच जास्त वाटतो.

मग डोळ्यानं उजेड मोजायचा कसा? यावर एक जुनी युक्ती आहे, रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांची, तोच बुन्सेन बर्नरवाला. पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब पाड आणि वाळू दे. कागदामागे दिवा असला की डाग उजळ दिसतो, पुढे असला की गडद. आता खोलीत अंधार कर, टेबलाच्या दोन टोकांना दोन बल्ब आणि मध्ये हा कागद उभा धर. कागद पुढे-मागे सरकव. एका जागी डाग जवळजवळ नाहीसा होईल. तिथं दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडतोय. डोळ्याला ‘दुप्पट’ कळत नाही, पण ‘सारखं’ फार छान कळतं.

मग दोन्ही अंतरं मोज. समज एक बल्ब ९० सेंटीमीटरवर आहे आणि दुसरा ६० वर. नव्वदाला साठानं भाग, दीड आला. दीडाचा वर्ग सव्वादोन. म्हणजे लांबचा बल्ब जवळच्याच्या सव्वादोनपट. दोन्ही बल्ब एकाच रंगाचे घे, पिवळा-पांढरा घेतलास तर डाग जाता जात नाही. दोघांची तोंडं कागदाकडे सारखीच वळलेली हवीत, कारण हा कागद आमच्या गोळ्यासारखा सगळ्या बाजूंचा उजेड गोळा करत नाही, त्याच्याकडे येतो तेवढाच मोजतो. बल्ब होल्डरमध्ये बसवायचं काम बाबांना सांग.

आकडे आले की मला कळव. आणि तेलाचा तो कागद गणिताच्या वहीतला नसेल असं बघ.